चिंगीला अचानक दिसेनासं झालं. गोचिडाच्या गोळीमुळे असेल का?

झुळूक
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चिंगी आमची डॅशहुंड. वय नऊ पूर्ण, नसबंदी झालेली, तब्येत आजवर ठणठणीत. या आठवड्यात ती पलंगाच्या पायावर, अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर धडकायला लागली आहे. पायरी आली की एक पाय हवेतच धरून चाचपत राहते. काल खात्री करायला कापसाचा बोळा तिच्या नाकासमोरून अलगद खाली सोडला. तिची मान तसूभर हलली नाही. चेंडू टाकला तर मात्र टप्प्याच्या आवाजावर बरोबर त्या दिशेने पळते. बाहुल्या मोठ्या झाल्यात, दिव्यासमोर डोळे हिरवे चमकतात. लाली नाही, पाणी गळत नाही, डोळ्याजवळ हात लावू देते.

आता मुद्दा. हे सुरू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी तिला गोचीड-पिसवांची महिन्याची चघळायची गोळी दिली होती आणि पाठोपाठ जंताचं औषध. आमच्या श्वानप्रेमींच्या ग्रुपवर विचारलं तर धडाधड उत्तरं आली: गोळीनेच झालं, अमक्याकडेही झालं, सगळं ताबडतोब बंद कर. घरात दोन वर्षांचा टप्पूपण आहे. त्याची गोळी द्यायची वेळ झाली आहे. देऊ की नको? आणि चिंगीची नजर परत येईल का?

व्हेटची वेळ परवाची मिळाली आहे.

पंजा
बंदच करा! जी गोळी खाल्ल्यावर कुत्र्याला चावलेला गोचीड मरतो, ती कुत्र्याच्या रक्तात काय करत असेल याचा विचार कोणी करत नाही. आम्ही कधीच बंद केल्यात. काळजी घ्या ताई.

चारपायी
झुळूक, परवा नको, आज जा. "अचानक आंधळी झाली, तातडीचं आहे" असं फोनवर सांगा, मधे घुसवून घेतील. गोळीचं नंतर बघू.

घाईचं कारण सांगतो. अचानक दिसेनासं होण्यामागे जी कारणं असतात त्यातली काही वेळेत पकडली तर नजर वाचते. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढतो. तो साधारण १० ते २५ मिमीच्या आत हवा. ४०-५० झाला आणि तसाच राहिला तर एकदोन दिवसांत दृष्टीची नस कायमची जाते. त्यात डोळा लाल, ढगाळ आणि दुखरा असतो, त्यामुळे तुमच्या वर्णनात तो बसत नाही, पण दाब मोजायला मिनिट लागतं, मोजून घ्या. दुसरं, रक्तदाब. मूत्रपिंडं बिघडली की कुत्र्यांचा वरचा दाब १८०च्या पलीकडे जाऊ शकतो आणि डोळ्याचा पडदा मागून सुटतो. लवकर औषध मिळालं तर तो पुन्हा चिकटतोही. तिसरं, दृष्टीच्या नसेची सूज. त्यातही बाहुल्या अशाच मोठ्या आणि डोळे वरून निर्मळ. चौथं, गोचिडतापात डोळ्यात होणारा रक्तस्राव.

जाण्याआधी एवढं सांगा: गोळीतलं औषध कोणतं (कंपनी नको, पाकिटावरचं मूळ नाव), जंताच्या औषधात काय होतं, तिचं वजन, आणि गेल्या महिन्याभरात पाणी, भूक, लघवी यात काही फरक?

झुळूक
क्लिनिकला फोन केला, संध्याकाळी बोलावलंय. गोळीत अफॉक्सोलॅनर. जंताच्या गोळीत प्रॅझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल. वजन ९ किलो, जे पूर्वी ८च्या आत असायचं.

तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात येतंय, पाणी खूप पितेय. पाण्याचं भांडं आता दुपारीच रिकामं होतं. रात्री लघवीला उठवते, जे कधी नव्हतं. आणि भूक! टप्पूच्या ताटलीवर झडप घालते. हे सगळं गोळीच्या आधीपासून सुरू आहे, निदान महिना झाला असेल. आम्ही वयाच्या खात्यात टाकलं होतं.

चारपायी
ही माहिती गोळीच्या तारखेपेक्षा महत्त्वाची आहे. क्लिनिकमध्ये सगळ्यात आधी हेच सांगा. रक्त-लघवी, साखर आणि यकृताचे एन्झाइम तपासतील. आणि डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा, जिथे ईआरजी (प्रकाश पडल्यावर पडद्यात उठणारे विजेचे संकेत मोजणारी चाचणी) होतो तिथे.

मांजरमाय
वाचतेय. चिंगीला खूप प्रेम. ती जंताची तिन्ही औषधं आतड्यातल्या कृमींसाठी आहेत, त्यांचं डोळ्यांशी काही ऐकलं नाही. मांजरांत मात्र एनरोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक जास्त मात्रेत दिलं तर डोळ्याचा पडदा जाऊन आंधळेपण येतं, हे पक्कं सिद्ध आहे. म्हणजे औषधाने नजर जातच नाही असंही नाही. मांजरवाल्यांनी ५ मिग्रॅ प्रतिकिलोची मर्यादा ध्यानात ठेवा. अवांतराबद्दल क्षमस्व.

काटेकोर
तारखांबद्दल थोडं. मी डॉक्टर नाही, आकडेमोड करणारा माणूस आहे.

गोळी दर महिन्याला देतात. म्हणजे कुत्र्याला काहीही झालं, लंगडणं असो, उलटी असो की अंधत्व, ते शेवटच्या गोळीनंतर महिन्याच्या आतच होणार. दुसरा पर्यायच शिल्लक नाही. आणि गोळीचा काडीचाही संबंध नसला तरी अशा निम्म्या घटना गोळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात पडतील. तीन महिन्यांची गोळी असेल तर आणखी सोपं, वर्षाचा प्रत्येक दिवस "गोळीनंतर"चाच. ग्रुपवर वीस जण "आमचंही गोळीनंतरच झालं" म्हणाले तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गोळी न घेणाऱ्या किती कुत्र्यांना तेच झालं, हे समोर ठेवल्याशिवाय तुलना होत नाही, आणि ती माणसं ग्रुपवर लिहीतच नाहीत, कारण त्यांच्याकडे बोट दाखवायला गोळी नसते.

तळटीप
काटेकोर, गणित बरोबर आहे पण सोयीचं आहे. याच गटातल्या औषधांवर अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०१८मध्ये जाहीर इशारा दिला होता: स्नायू थरथरणं, तोल जाणं, झटके. अफॉक्सोलॅनर, फ्लुरॅलॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर, सगळी त्यात आली. बाजारात ही औषधं २०१३-१४पासून. म्हणजे चारपाच वर्षं लोक "आमच्या कुत्र्याला काहीतरी होतंय" म्हणत होते आणि त्यांनाही योगायोगाचंच गणित शिकवलं गेलं असणार. मालकाने पाहिलेलं झटकून टाकू नये एवढंच.

काटेकोर
झटकत नाहीये. तो इशारा आला तो मालकांनी आणि डॉक्टरांनी नोंदवलेल्या तक्रारींमुळेच. म्हणून माझं म्हणणं, ग्रुपवर लिहिण्याआधी अधिकृत नोंद करा. ग्रुपवरची पोस्ट कुणी मोजत नाही.

रानवाट
दोघांच्या मधलं लिहिते. आमच्या आधीच्या कुत्र्याला फिट यायच्या. त्या गटातली गोळी दिल्यावर दोनच दिवसांत मोठी फिट आली आणि त्यानंतर तो काही तास अक्षरशः आंधळा होता. भिंतीला नाक लावून उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले की फिटनंतर मेंदू असा तात्पुरता अंध होऊ शकतो, डोळ्यांना काही झालेलं नसतं. ती गोळी आम्ही पुन्हा कधी दिली नाही.

झुळूक, चिंगीला फिट, थरथर, लडखडणं असं काही झालं का? रात्री तुमच्या नकळत?

झुळूक
नाही. चालते सरळ, फक्त धडकते. ती माझ्या पायाशी झोपते, फिट आली असती तर कळलं असतं.

चारपायी
रानवाट यांचा अनुभव अगदी खरा आणि उपयोगाचा. ज्यांच्या कुत्र्याला फिटचा इतिहास आहे त्यांनी या गटातलं औषध डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये, पाकिटातल्या कागदावरही तसा इशारा असतो. ही औषधं किडींच्या मज्जातंतूंमधले क्लोराइडचे मार्ग बंद करतात. सस्तन प्राण्यांत त्याच मार्गांवर त्यांची पकड कितीतरी कमी बसते, पण थोड्या कुत्र्यांत त्रास होतो. तो होतो तेव्हा तो मेंदूचा त्रास असतो: कंप, तोल, झटके. बाकी सगळं शाबूत आणि फक्त डोळेच कायमचे गेले, असं चित्र या गटाचं नाही.

हिरवळ
मग खरूजेचं ते इंजेक्शन? त्याने आंधळं होतं हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या शेजारच्यांचा बॉर्डर कॉलीसारखा दिसणारा कुत्रा होता, खरूज झाली म्हणून कुणीतरी जनावरांचं इंजेक्शन घरीच टोचलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ, मागचे पाय ढिले, बाहुल्या ताटाएवढ्या, काही दिसेना. दवाखान्यात बरेच दिवस सलाइनवर होता. वाचला, नजरही आली.

चारपायी
ते आयव्हरमेक्टिन. या धाग्यावर ज्या औषधाला खरोखर "नजर घालवणारं" म्हणता येईल ते हेच, पण मात्रा चुकली तर. त्याने डोळ्याच्या पडद्याला सूज येते, पडदा दुमडल्यासारखा दिसतो, ईआरजीही मंदावतो. उतारा असं औषध नाही, आधार देत शरीराबाहेर जाण्याची वाट बघायची. काही ठिकाणी शिरेतून स्निग्ध द्रावण देतात. दिलाशाची बाजू अशी की कुत्रा तगला तर बहुतेक वेळा दोनेक आठवड्यांत दिसायला लागतं.

मेंढपाळी जातींत, म्हणजे कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड वगैरे, एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष आढळतो. हे औषध मेंदूत शिरू नये म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जो पंप असतो तोच यांच्यात निकामी असतो. २००१मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात हे उलगडलं. कॉलींमध्ये दहापैकी सातांत हा दोष मिळतो. मिश्र जातीतही दिसण्यावरून काही सांगता येत नाही. गालातून किंवा रक्तातून तपासणी होते.

काटेकोर
आता माझा प्रांत. मात्रा चुकली म्हणजे किती?

हृदयकृमी रोखायला महिन्याला ६ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो आयव्हरमेक्टिन लागतं. १० किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम. गुराढोरांच्या १ टक्क्याच्या इंजेक्शनात १ मिलीत १०,००० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे त्या कुत्र्याची प्रतिबंधक मात्रा ०.००६ मिली. शंभर खुणा असलेली १ मिलीची बारीक सिरिंज घ्या. तिच्यावरची सगळ्यात लहान खूण ०.०१ मिलीची असते. म्हणजे योग्य मात्रा पहिल्या खुणेच्याही आत संपते! हाताने मोजताच येत नाही. कुणी "१ मिलीच तर दिलं" म्हणालं तर त्याने दीडशे पटींहून जास्त दिलं. जनुकात दोष असलेल्या कुत्र्यांना १०० मायक्रोग्रॅम प्रतिकिलोच्या आसपासच त्रास सुरू होतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ०.१ मिली, त्या सिरिंजवर दहाच खुणा.

घोड्यांच्या पेस्टचं तर विचारू नका. एका ट्यूबमध्ये साधारण ११३ मिग्रॅ असतं. ट्यूब उघडी राहिली आणि कुत्र्याने चाटली, किंवा औषध दिलेल्या घोड्याची लीद खाल्ली, तरी प्रकरण हाताबाहेर जातं.

हिरवळ
बापरे. ही आकडेमोड आमच्या शेजाऱ्यांना दाखवायला हवी होती.

मांजरमाय
पुन्हा अवांतर. हेच आयव्हरमेक्टिन माणसांत आंधळेपण *थांबवण्यासाठी* वाटलं जातं. आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे होणारं अंधत्व रोखायला १९८७पासून ते फुकट देतात, आणि ज्या संशोधनातून ते निघालं त्याला २०१५चं नोबेल मिळालं. औषध तेच, मात्रा आणि शरीर वेगळं.

पंजा
सगळे औषधांची वकिली करताय. पण कुत्र्यांना गोचीड लागत नव्हते का पूर्वी? जगलीच ना?

रानवाट
पंजा, जगली तीच आपल्याला आठवतात. आमचा पहिला कुत्रा गोचिडतापाने गेला. जायच्या आधी त्याच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, बुबुळामागे लाल पाण्याची रेघ दिसायची. प्लेटलेट तळाला गेल्या होत्या. त्याला कुठलीही गोळी चालू नव्हती.

चारपायी
हे मी लिहिणारच होतो. एर्लिकिया, जो तपकिरी गोचिडातून येतो, तो डोळ्यांवर थेट हल्ला करतो: आतली सूज, पडद्यावर रक्तस्राव, पडदा सुटणं. कधीकधी अचानक आलेलं अंधत्व हेच मालकाला दिसलेलं पहिलं लक्षण असतं. डॉक्सिसायक्लिन वेळेत, साधारण चार आठवडे, दिलं तर बराच फरक पडतो. आणि गोल जंत, टॉक्सोकारा. त्यांची अंडी मातीत काही आठवड्यांत पिकतात, मुलांच्या हातातून पोटात जातात, आणि अळी भरकटत डोळ्यात पोचली तर त्या मुलाची एका डोळ्याची नजर जाऊ शकते. माझ्या मते अंधत्वाच्या भीतीने जंत-गोचिडांची औषधं सरसकट थांबवणं म्हणजे दार उघडं टाकून कुलपाची चौकशी करणं.

तळटीप
हे मान्य. पण "सरसकट थांबवू नका" आणि "डोळे मिटून देत राहा" यात फरक आहे ना? बारा महिने प्रत्येक कुत्र्याला एकच गोळी, हे मला पटत नाही.

चारपायी
मलाही नाही. कुत्र्याचं वजन, जात, फिटचा इतिहास, घराबाहेर कुठे फिरतो, कोणते गोचीड-डास आहेत, यावर ठरवायचं. आणि औषधं एकमेकांत मिसळताना विचारायचं. स्पिनोसॅडची पिसवांची गोळी चालू असताना खरूजेसाठी मोठ्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिलं तर जनुक धडधाकट असलेल्या कुत्र्यालाही आयव्हरमेक्टिनची विषबाधा होते. स्पिनोसॅड तोच पंप अडवतं. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनी दोघांनाही सगळी यादी दाखवायची.

झुळूक
आले जाऊन. धन्यवाद चारपायी, आज गेले ते बरं झालं.

डोळ्याचा दाब दोन्हीकडे १६-१७. रक्तदाब किंचित वर पण काळजीचा नाही. गोचिडतापाची चाचणी निगेटिव्ह, प्लेटलेट व्यवस्थित. साखर ठीक. यकृताचा एक एन्झाइम, एएलपी, बराच वाढलेला. डॉक्टरांनी डोळ्यात बघितलं तर पडदा अगदी नॉर्मल! म्हणाल्या, "पडदा छान दिसतोय हीच काळजीची गोष्ट आहे." उद्या नेत्रतज्ज्ञांकडे.

त्यांनी आधी लाल टॉर्च मारला, बाहुली जागची हलली नाही. मग निळा मारला आणि ती पटकन आकसली! मला वाटलं दिसतंय तिला. पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

चारपायी
त्यांनी योग्य तपासलं. पडद्यात दोन प्रकारचे प्रकाशग्राही असतात असं समजा. पाहण्याचं काम करणाऱ्या पेशी लाल उजेडालाही दाद देतात. त्यांच्याखेरीज थोड्या वेगळ्या पेशी आहेत, त्या चित्र बघत नाहीत, फक्त तेजस्वी निळ्या प्रकाशावर बाहुली आकसवतात. लालला काही नाही आणि निळ्याला झटकन, याचा अर्थ पहिल्या पेशी बंद पडल्यात, दुसऱ्या आणि नस शाबूत आहे. नसेची सूज असती तर सहसा दोन्हीला काही झालं नसतं.

नाव आत्ताच घेत नाही. उद्या ईआरजी होऊ दे.

झुळूक
ईआरजी झाला. कागदावर दोन्ही डोळ्यांची सरळ रेघ. सार्ड्स, म्हणजे पडद्यातल्या पाहणाऱ्या पेशी अचानक बंद पडून येणारं अंधत्व.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नजर परत येण्याची आशा धरू नका. खात्रीचा उपचार कुणाकडे नाही, स्टिरॉइड वगैरे देऊन पाहतात काही जण पण त्याने दृष्टी आल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि हिची भूक-तहान आधीच वाढलेली असताना त्या देणार नाहीत. दुखत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी गोळीबद्दल विचारलं. चारपायी, तुम्हीच सांगा त्या काय म्हणाल्या असतील.

चारपायी
वाईट वाटलं, झुळूक.

सार्ड्सचं कारण अजून सापडलेलं नाही. शरीराची स्वतःच्याच पडद्यावर उलटणारी प्रतिकारशक्ती, संप्रेरकांचा गोंधळ, दोन्हींवर संशय आहे. पण या रोगाचं वर्णन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. कुत्र्यांसाठी आयव्हरमेक्टिनची मासिक गोळी अमेरिकेत आली १९८७ला, आणि चिंगीने घेतलेल्या गटातली औषधं २०१३नंतर. रोग त्या दोन्हींच्या आधीपासून आहे. आणि होतो कुणाला? मध्यमवयीन ते वयस्कर कुत्र्यांना, माद्यांना जास्त, डॅशहुंड, पग, श्नाउझर अशा जातींत ठळक. आंधळेपण येण्याच्या आधीचे आठवडे पाणी, भूक, वजन वाढतं, एएलपी वाढतो. चिंगीचं चित्र ओळीन् ओळ जुळतं, आणि ते गोळीच्या आधी सुरू झालं होतं.

तळटीप
कारण सापडलेलं नाही म्हणताय आणि गोळी नाही असंही म्हणताय. दोन्ही कसं?

काटेकोर
चोर कोण हे माहीत नसलं तरी चोरी झाली त्या वर्षी जो जन्मलाच नव्हता त्याला सोडून देता येतं.

तळटीप
:) बरं. तेवढं सोडलं. पण झुळूक यांनी नोंद करावीच असं माझं मत आहे. निर्णय नोंद घेणाऱ्यांना करू दे.

चारपायी
नोंद करायला माझीही हरकत नाही. पाकिटावरचा बॅच क्रमांक, मात्रा, वजन, तारखा, *आणि* आधीची लक्षणं, ईआरजी, रक्ताचे अहवाल, सगळं द्या. अर्धी माहिती दिली तर ती नोंद उगाच चुकीच्या बाजूला मोजली जाते. उत्पादक कंपनीकडे आणि आपल्या देशाच्या औषध नियामकाकडे, दोन्हीकडे करता येते. डॉक्टर भरून देतात.

कोवळंऊन
आमची सार्ड्सवालीच होती, म्हणून लिहिते. पहिले काही आठवडे वाईट जातात, तिच्यापेक्षा आपल्याला जास्त. ती कोपऱ्यात अडकून उभी राहते, आपण रडतो. मग एक दिवस ती स्वयंपाकघरापर्यंत न धडकता येते आणि तुम्ही बघत राहता.

कामाचं सांगते. फर्निचर हलवू नका, खुर्च्या आत ढकलून ठेवा. पाण्याचं भांडं कायम एकाच जागी, त्याखाली खरखरीत पायपुसणं घाला, पंजाला ते लागलं की तिला कळतं. जिन्याच्या वर आणि खाली तसंच एकेक, म्हणजे जिना सुरू होतोय हे समजेल, आणि पहिले महिने जिन्याला फाटक. टप्पूच्या गळ्यात छोटी घंटी बांधा. झोपेत असताना आधी नाव घ्या, मग हात लावा, नाहीतर दचकून चावतात. "पायरी", "थांब", "डावीकडे" असे दोनचार शब्द घरातल्या सगळ्यांनी *तेच* वापरा. आमच्याकडे नवरा "हळू" म्हणायचा आणि मुलगी "अगं अगं", त्यात बिचारीची पंचाईत.

आणि खाणं मोजून द्या. ही भूक खरी नसते, महिनोन्महिने मागतच राहतात. आंधळी आणि जाडी डॅशहुंड म्हणजे पाठीच्या मणक्याचं दुखणं ठरलेलं.

झुळूक
कोवळंऊन, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. पायपुसणं आजच घातलं. घंटीने टप्पूच जास्त वैतागलाय.

नोंद केली, दोन्हीकडे, डॉक्टरांनी अहवाल जोडले. टप्पूबद्दल ठरलं: वजन पुन्हा करून घेतलं, फिट नाही, औषध चालू ठेवायचं. चिंगीचं रक्त महिन्याने परत बघणार, कुशिंगची (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) तपासणी तेव्हा. तोवर तिला गोळी नाही, रोज अंगावरून हात फिरवून गोचीड शोधायचे. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. तज्ज्ञ म्हणाल्या, गोळीची भीती म्हणून नाही, यकृताचा आकडा कुठे जातोय ते मोकळं दिसायला.

पंजा, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतं. पण तुमच्या कुत्र्याची गोचिडतापाची चाचणी एकदा करून घ्या ना.

पंजा
पुढच्या आठवड्यात लसीला जाणार आहोत, तेव्हा करतो. चिंगीला आशीर्वाद.

नवखा_वाचक
धागा पूर्ण वाचला. माझा कॉलीमिश्र, २२ किलो, जनुकाची तपासणी केलेली नाही. हृदयकृमीसाठी दर महिन्याला आयव्हरमेक्टिनची कुत्र्यांचीच गोळी चालू आहे. आता भीती वाटतेय. बंद करू?

चारपायी
नाही. ६ मायक्रोग्रॅमची ती मात्रा जनुकात दोष असलेल्या कुत्र्यांतही सुरक्षित ठरली आहे, वर काटेकोर यांनी फरक दाखवलाय. तुमच्या वजनगटाचीच गोळी द्या, तुकडे करून वाटू नका. एमडीआर१ची तपासणी मात्र करून घ्या आणि निकाल फाइलच्या पहिल्या पानावर लावा. पुढे कधी खरूज झाली, भूल द्यायची वेळ आली किंवा जुलाबावर लोपेरामाइड द्यावंसं वाटलं, तर तो कागद लागेल. या दोषात लोपेरामाइडही चालत नाही, ते घरातल्या औषधांच्या डब्यात असतं आणि लोक न विचारता देतात.